क्राउनचा ड्रेन प्लग सुटत नाही? आधी वरचा प्लग सुटतो का ते बघा

विचारणाऱ्यांची अडचण थोडक्यात अशी. ट्रेलरचा घोडा, म्हणजे ट्रेलर ओढणारी पुढची गाडी, सात वर्षं जुना, न्हावा शेवा ते भिवंडी कंटेनरच्या फेऱ्या. मालक स्वतःच चालवतात. रविवारी तळोज्याला गाडी उभी करून क्राउनचं, म्हणजे मागच्या एक्सलमधल्या मोठ्या गिअरचं, ऑइल बदलायला घेतलं, तर हौसिंगच्या (त्या गिअरभोवतीच्या पेटीच्या) खालचा ड्रेन प्लग, म्हणजे ऑइल काढायचं बूच, हलेना. पान्याला पाइप लावून दोघं लटकले. पाना सटकला, बोल्टाचे कोपरे गोल झाले. आता एक जण म्हणतो गॅस मार, दुसरा म्हणतो छिन्नी मार, तिसरा म्हणतो राहू दे, वरून लिटरभर ऑइल टाक आणि चालव. काय करू?

मी सव्वीस वर्षं कळंबोलीत ट्रकच्या खाली झोपतोय, त्यातली निम्मी तरी मागच्या एक्सलखाली गेली असतील. तुमचा प्लग निघेल. पण खालचा प्लग अजून सुटलेला नाही, हे एका अर्थी नशीबच म्हणा. आधी वरचा, म्हणजे ऑइल भरायचा प्लग सुटतोय का ते बघा. तो हाताने फिरेपर्यंत खालच्याला पाना लावायचा नाही.

हे मला पुस्तकाने शिकवलं नाही. शिकाऊ होतो तेव्हा एकदा उस्ताद जेवायला गेले आणि मी शहाणपणा करून खालचा प्लग खोलला. सगळं ऑइल ट्रेमध्ये. मग वरच्याकडे वळलो. तो चौकोनी खाचेचा होता आणि खाचेत चिखल सुकून दगड झालेला. मी तसंच एक्स्टेन्शन ठोकलं आणि जोर दिला. खाच गोल झाली. म्हणजे हौसिंगमध्ये थेंब नाही आणि भरायला वाट नाही. माल एक्स्पोर्टचा, बंदराचा कटऑफ, म्हणजे कंटेनर आत घ्यायची शेवटची वेळ, त्याच रात्रीचा. उस्ताद आले, काही बोलले नाहीत, हेच जास्त लागलं. त्यांनी वरचा ब्रीदर, म्हणजे हौसिंगमधली हवा ये-जा करायची टोपी, खोलला, त्या एवढ्याशा भोकात नळी बसवली, ऑइलचा डबा गरम पाण्याच्या बादलीत ठेवला आणि ते पातळ झाल्यावर एकेक लिटर सोडत राहिले. लेव्हल बघायला भोक नव्हतं, म्हणून ट्रेमधलं जुनं ऑइल मापून तितकंच नवं भरलं. दोन तास लागले. त्या दिवसापासून माझा हात आधी वर जातो.

आता तुमचा प्लग इतका का बसलाय ते बघू. कारण कळलं की कुठला जोर लावायचा ते आपोआप कळतं.

आपल्याकडे सगळे गंजावर बोट ठेवतात. खाडी आहे, मिठागरं आहेत, उरणच्या बाजूची खारी हवा आहे, पावसाळ्यात अर्धा रस्ता पाण्यात असतो, गंज धरतोच. पण ड्रेन प्लगचे आतले आटे कायम ऑइलात भिजलेले असतात. गंज असतो तो बाहेरच्या दोन-तीन आट्यांत आणि बोल्टाच्या डोक्याखाली. तेवढ्याने प्लग असा रुसत नाही. खरा गुन्हेगार असतो मागच्या वेळी तो बसवणारा हात. तुम्ही दोघं पाइपला लटकलात ना, त्याचा हिशेब करा. सत्तर किलोचा एक माणूस एक मीटर पाइपच्या टोकाला लटकला की जवळपास ७०० न्यूटन-मीटर जोर लागतो. ट्रकच्या चाकाचे नट साधारण ६०० च्या आसपास आवळतात. म्हणजे कुणीतरी हा प्लग चाकाच्या नटासारखा, बहुतेक टायरवाल्याच्या गननेच, आवळलाय.

आणि असं का आवळतात माहीत आहे? हौसिंगच्या खाली तेल दिसतं म्हणून. ब्रीदर चिखलाने बुजलेला असतो, गाडी तापली की आतली हवा फुगते, तिला वाट मिळत नाही आणि ती पिनियनच्या (क्राउनला फिरवणाऱ्या छोट्या गिअरच्या) सीलमधून ऑइल बाहेर ढकलते. ते ओघळत येऊन सगळ्यात खाली, म्हणजे ड्रेन प्लगवर थेंब धरतं. बघणाऱ्याला वाटतं प्लग गळतोय. मग दर सर्व्हिसला प्लगला आणखी एक धक्का. चार-पाच वर्षांत त्याची वेल्डिंग केल्यासारखी गत होते.

आणखी एक गंमत सांगतो, हसू नका. गाडीखाली उताणं झोपून वर बघताना कितीतरी जणांचा उजवा-डावा गोंधळ होतो. खोलतोय असं समजून पठ्ठ्या आवळत असतो. प्लगच्या तोंडासमोर तोंड आहे असं धरा, घड्याळाच्या उलट फिरवा. मी नव्या पोरांना खडूने हौसिंगवर बाण काढून देतो.

गाडीखाली शिरायच्या आधी जागा सपाट बघा, चाकांना पुढून-मागून लाकडाचे गुटके लावा, जॅकवर टांगलेल्या गाडीखाली झोपू नका. घोडा उंच असतो, जॅकची गरजच पडत नाही. ऑइल काढायच्या आधी दहा-पंधरा किलोमीटर गाडी फिरवून आणा. थंड ८५डब्ल्यू-१४०, म्हणजे जाड गिअर ऑइल, काकवीसारखं उतरतं आणि गाळ आतच सोडतं. मात्र फार गरम नको, ऑइल कोपरापर्यंत ओघळतं, भाजतं.

मग प्लगची जात ओळखा. काहींना बाहेर षटकोनी डोकं असतं, काहींना चौकोनी डोकं, काहींना आत चौकोनी खाच, काहींना एलन कीची षटकोनी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आटे सरळ आहेत की निमुळते. डोक्याखाली वॉशर असेल आणि डोकं हौसिंगला टेकलं असेल तर आटे सरळ; तिथे गळती वॉशर अडवतो. प्लग वॉशरशिवाय भोकात रुतल्यासारखा दिसत असेल तर आटे निमुळते, बाटलीच्या बुचासारखे. तिथे आटेच पाचरीसारखे घट्ट बसतात. निमुळत्या प्लगची एक मेख आहे. तो पहिल्या पाव आट्यालाच त्रास देतो, मग एकदम मोकळा होतो. म्हणून तिथे लांब जोरापेक्षा धक्का उपयोगी. तुमच्या प्लगला बाहेर डोकं आहे, तेव्हा बहुधा वॉशरवाला, सरळ आट्यांचा.

आता काम. माझा क्रम ठरलेला आहे: सफाई, भिजवणं, ठोकणं, नीट बसणारी गोटी (सॉकेट), मग उष्णता. पाइप सगळ्यात शेवटी, आणि तोही अर्ध्या मीटरचा. लोक उलट्या टोकाने सुरू करतात आणि मग बोल्ट हातात येतो.

तारेच्या ब्रशने प्लगभोवतीची सगळी माती, ग्रीस, जुना रंग काढा. मग भिजवणं. इथे एक अडचण आहे जी कुणी सांगत नाही: प्लगचं तोंड खाली असतं, त्यामुळे फवारलेलं तेल वर आट्यांत शिरण्याऐवजी तुमच्या डोळ्यांत येतं. बाजारातला डब्ल्यूडी-४० चा डबा सगळे आणतात. तो १९५३ मध्ये अमेरिकेत पाणी हटवायला बनला, नावातलं ‘डब्ल्यूडी’ म्हणजे तेच. गंजलेले आटे सोडवायला खास तयार केलेलं तेल वेगळं मिळतं, ते घ्या. नाहीच मिळालं तर डिझेलमध्ये स्टिअरिंगचं पातळ ऑइल मिसळून चालतं. मी कापडाची पट्टी त्यात बुडवतो, प्लगच्या मुळाशी गुंडाळतो आणि तारेने हौसिंगला आवळून रात्रभर ठेवतो. सकाळी पट्टी काढतो. एवढ्याने पाचातले दोन तरी प्लग मऊ येतात, हा माझ्या हाताचा अंदाज.

मग हातोडा. किलोभराचा हातोडा आणि पितळेचा किंवा मऊ लोखंडाचा गज. प्लगच्या डोक्याच्या बरोबर मधे, सरळ वर, सात-आठ ठोके. हौसिंगला लागू द्यायचा नाही. बीड (ओतीव लोखंड) असेल तर तडकतं. या ठोक्याने गंजाचा पापुद्रा फुटतो आणि डोक्याखालचा वॉशर किंचित सैल होतो. ठोके नीट बसू लागले की आवाज बदलतो. आधी ‘टण्’ असा कोरडा येतो, नंतर थोडा बसका. कान द्या. त्यानंतर प्लग आधी केसभर *आवळायच्या* दिशेने ढकला, मग उलट. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. हलला की एकदम ओढत सुटू नका. थोडं तेल सोडा, परत पुढे-मागे करा.

तुमचे कोपरे गोल झालेत, म्हणून गोटीचं जरा सविस्तर सांगतो. बारा कोनांची गोटी आणि रिंग पाना आता विसरा. सहा कोनांची, जाड भिंतीची गोटी लागेल. डोकं मुळात २४ मिलिमीटरचं असेल तर १५/१६ इंचाची गोटी शोधा, ती २३.८ मिलिमीटर भरते. हातोड्याने ठोकून चढवली की झिजलेल्या डोक्यावर पाचरीसारखी घट्ट बसते. कळंबोलीत, तुर्भ्याला जुनी हत्यारं विकणाऱ्यांकडे एक-एक सुटी इंची गोटी मिळते, पूर्ण सेट घेऊ नका. गोटी ठोकून चढवली की तिच्या पाठीखाली छोटा बॉटल जॅक ठेवा आणि नुसता टेकेल इतका वर घ्या. गाडी उचलायची नाही, गोटीला खालून हात द्यायचा. पाना सटकतो तो जोर दिल्यावर गोटी तिरकी होते म्हणून. जॅकने ती सरळ धरली की सटकायला जागाच उरत नाही. ही युक्ती मला एका सरदारजींनी कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलवर दाखवली, आणि तेव्हापासून माझ्या हाताच्या पेरांवर नवे व्रण नाहीत. दांडा स्वतःकडे ओढा, पुढे ढकलू नका. ढकलताना सुटला की मूठ थेट पाट्यांच्या यू-बोल्टवर आदळते.

आत खाच असलेला प्लग असेल तर खाच स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने तळापर्यंत उकरा. गोटी-सेटचं अर्ध्या इंचाचं चौकोनी टोक खाचेत खेळत असेल तर ते वापरू नका. बरोबर मापाची चौकोनी सळई कापून तिला नट वेल्ड करून घ्या. माझा शंभर टक्के फिट बसणारा पाना असाच भंगारातल्या तुकड्याचा आहे.

छिन्नीबद्दल विचारलंत. डोक्याच्या कडेला खाच पाडून उलट दिशेने ठोकणं चालतं, पण छिन्नी बोथट हवी. धारदार छिन्नी कापते, ढकलत नाही. आणि इझी-आउट म्हणून जो उलट आट्यांचा खिळा मिळतो, तो या कामाला आणूच नका. तो कडक पोलादाचा असतो, आत तुटला की त्याला ड्रिल लागत नाही. मग तुमचा एक प्रश्न होता त्याचे दोन होतात.

आता गॅस. इथे मी जरा कडक बोलणार आहे. हौसिंगमध्ये ऑइल असताना खालून फ्लेम मारायची नाही. गिअर ऑइलची वाफ पेटायला साधारण २०० अंशांच्या पुढचं तापमान लागतं, आणि लोखंड लाल दिसू लागतं तेव्हा ते ५०० च्या वर गेलेलं असतं. ब्रीदर बुजलेला असेल तर आतली वाफ कोंडते. शेजारीच एअर ब्रेकचे नायलॉन पाइप आणि चेंबरचं रबर असतं. ते वितळलेलं कधी कधी दुसऱ्या दिवशी उतारावर कळतं, घोडबंदरच्या गायमुख घाटात किंवा मुंब्रा बायपासला. तेव्हा काय होतं ते सांगायला नको.

उष्णता द्यायचीच असेल तर आधी वरच्या प्लगमधून हातपंपाने ऑइल उपसा. पंपाचा पाइप तळापर्यंत घाला. वरचा प्लग आणि ब्रीदर उघडे ठेवा. बाहेरचं ग्रीस पुसून काढा, पाइपांवर ओली गोणपाटं टाका, आग विझवायचा सिलिंडर हाताशी, आणि एक माणूस नुसता बघायला. फ्लेम प्लगवर नाही, प्लगभोवतीच्या जाड कड्यावर गोल फिरवत धरा. लोखंड दीडशे अंश तापलं की २४ मिलिमीटरचं भोक जेमतेम चार शतांश मिलिमीटर मोठं होतं. केसापेक्षाही कमी. पण पाचर सैल व्हायला तेवढं पुरतं. कडं लाल करायची गरज नाही. थेंबभर पाणी टाकलं की चर्रकन उडालं पाहिजे, बस. मग फ्लेम बंद करून प्लगच्या कडेला मेणबत्ती टेकवा. मेण वितळून आट्यांत खेचलं जातं, खालून वर. तेल जे करत नाही ते मेण करतं. तापलेल्या हौसिंगवर पाणी मात्र ओतू नका.

डोकं पारच गेलं असेल तर शेवटचा आणि सगळ्यात खात्रीचा इलाज म्हणजे त्यावर नवा नट वेल्ड करणं. नटाच्या भोकातून आत वेल्ड भरतात, त्याने पकडही मिळते आणि प्लग आतून तापतो. थोडा थंड होऊ दिला की साध्या पान्याने फिरतो. हे वेल्डरकडूनच करून घ्या, ऑइल उपसून. आणि दोन गोष्टी त्याला तुम्ही सांगा, कारण तो विसरतो. बॅटरीच्या दोन्ही तारा काढायच्या. गाडीला इसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, असेल तर त्याच्या वायरींचे प्लगही. अर्थिंगचा चिमटा हौसिंगवरच, प्लगपासून वीतभर अंतरावर लावायचा. तो चिमटा चेसिसला किंवा चाकाला लावला तर करंट बेअरिंगमधून जातो, रोलरवर बारीक खड्डे पडतात. महिन्याभराने क्राउन ओरडायला लागतो आणि दोष नव्या ऑइलला जातो.

एवढं करूनही नाही निघाला तर? मग सोडा त्याला. वरून उपसलंय ना, तेवढं पुरे आहे या वेळेला. तळाशी अर्धा-एक लिटर गाळ राहतो, म्हणून नवं ऑइल भरून पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा उपसा आणि पुन्हा भरा. पैसे दुप्पट जातील, पण हौसिंग फुटण्यापेक्षा स्वस्त. पुढे कधी क्राउन-पिनियन उतरवायची वेळ आली की प्लग निवांत काढता येतो. तिसरा सल्ला, म्हणजे वरून लिटरभर टाकून चालवायचं, तो मला पटत नाही. जुन्यात नवं मिसळून गाळ आणि पाणी कुठे जात नाही.

पाण्याचं मुद्दाम सांगतो, कारण तुमचा रस्ता तोच आहे. तापलेला एक्सल साचलेल्या पाण्यात शिरला की आतली हवा एकदम आकसते आणि जिथून मिळेल तिथून पाणी ओढते. ब्रीदर मोकळा असेल तर हवा येते, बुजलेला असेल तर सीलमधून पाणी येतं. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर पुढचा महिनाभर आम्ही क्राउनमधून दुधाच्या चहासारखं ऑइल काढत होतो. तुमचं तसं निघालं तर एकदा बदलून थांबू नका, दोनदा बदला आणि हबचं ग्रीसही बघा.

प्लग निघाला की त्याच्या टोकाचा मॅग्नेट बघा. राखाडी, लोण्यासारखी मऊ पेस्ट असेल तर काळजी नाही, ती रोजची झीज. बोटांत टोचणारा कण, चपटी कपची किंवा दाताचा तुकडा दिसला तर ऑइल भरू नका, क्राउन उघडा.

बसवताना जुना प्लग परत लावू नका, डोकं गोल झालंय. नवा घेताना जुना दुकानात घेऊन जा आणि हाताने तीन-चार आटे हौसिंगमध्ये फिरवून बघा. बीएसपी आणि एनपीटी या आट्यांच्या दोन जाती, ब्रिटिश आणि अमेरिकन; अर्धा इंची मापात दोन्हींचे इंचाला १४ आटे असतात. दिसतात जुळे भाऊ. पण एकाच्या आट्याचा कोन ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. दोन-तीन फेरे छान जातो, मग अडतो, मग माणूस पाइप आणतो. वॉशर दर वेळी नवा, तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा. निमुळत्या प्लगला वॉशर नाही, आट्यांवर सीलंटची पातळ पेस्ट, पहिला आटा कोरडा सोडून. टेफ्लॉन टेपचे पाच वेढे मारू नका, तुकडे आत जातात. जोर गाडीच्या पुस्तकात दिलाय तेवढाच, टॉर्क रेंचने. गन नाही.

ऑइल पुस्तकातल्या ग्रेडचं, डब्यावर जीएल-५ ही गिअर ऑइलची प्रत लिहिलेली बघून घ्या. दुकानदार नुसतं ‘नव्वद नंबर’ म्हणून काहीही देतो. वरच्या भोकाच्या खालच्या ओठाला लागेपर्यंत भरा, दहा मिनिटं थांबा. ते एक्सलच्या नळ्यांत पसरतं आणि लेव्हल बसते, मग राहिलेलं भरा. जुनं ऑइल नाल्यात ओतू नका. सेंटरिंगवाले (स्लॅबच्या फळ्या लावणारे) मागायला येतील, त्यांनाही देऊ नका; वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांप्रमाणे नोंदणी असलेल्या रिसायकलरकडेच जायला हवं, डबा भरून ठेवा आणि त्यांच्या माणसाला द्या.

आणि ब्रीदर. तो काढून डिझेलमध्ये धुवा, फुंकून हवा जाते का बघा, मग लावा. पहिली भिवंडीची फेरी करून आलात की गाडी थंड होऊ द्या आणि हौसिंगच्या तळाला कोरडं बोट फिरवा. ओलं लागलं तर आधी वर पिनियनच्या सीलकडे बघा. कोरडं लागलं तर प्लगला पाना लावू नका, हात धुवा आणि घरी जा.